प्रश्न कोठवर विचारावेत?

विद्यापीठांच्या परीक्षांचा हंगाम आला की 'अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न' ही तक्रार नेमाने कानी येते. गणिताच्या वा रसायनाच्या प्रश्नपत्रिकेबाबत ती आली, तर वाद चार वाढीव गुणांनी मिटतो. इस्लामच्या अभ्यासाच्या परीक्षेत तो एवढ्यावर थांबत नाही. तेथे 'बाहेर' या शब्दाला दोन अर्थ येतात: नेमलेल्या पुस्तकाबाहेर आणि रूढ मताने आखलेल्या रेषेबाहेर. या दोहोंची गल्लत होता कामा नये.

पहिल्या अर्थाने विद्यार्थ्यांची तक्रार न्याय्य आहे. अभ्यासक्रम हा विद्यापीठाने विद्यार्थ्याशी केलेला करार असतो. शिकविले नाही ते विचारणे म्हणजे तो करार मोडणे होय. आणि त्याची झळ सर्वांना सारखी लागत नाही. घरी ग्रंथांचे कपाट असलेला मुलगा अशा प्रश्नातूनही तरून जातो. उसन्या वह्यांवर अभ्यास करणारी विणकराची मुलगी हकनाक बुडते. विद्वत्तेच्या नावाखाली विषमतेलाच गुण देणारी परीक्षा समाजवाद्यांना मान्य होणार नाही. न नेमलेल्या ग्रंथांतील नावे आणि सनावळ्या विचारू नयेत, हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे.

परंतु या रास्त तक्रारीच्या आडून दुसरीच मागणी पुढे सरकते: पाठ केलेल्या उत्तरापलीकडचे काहीच विचारू नये. ती मान्य करणे म्हणजे विषयाचाच गळा घोटणे होय. 'इज्तिहाद' म्हणजे धर्मवचनांच्या आधारे स्वतंत्र बुद्धीने निर्णय काढण्याची रीत. तिची व्याख्या लिहा, हा प्रश्न स्मरणशक्तीचा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमात दिला जाणारा तिहेरी तलाक रद्दबातल ठरविला. त्या निकालातील उतारा प्रश्नपत्रिकेतच देऊन, या प्रथेचा विचार इज्तिहादाच्या अंगाने करा, असे विचारले तर तो प्रश्न बुद्धीचा झाला. तो मार्गदर्शिकेबाहेरचा असेल, अभ्यासक्रमाबाहेरचा नव्हे. खुद्द परंपरेतच याला आधार आहे. मुआज इब्न जबल यांना येमेनला धाडताना, निवाडा कशाच्या आधारे करणार, असे पैगंबरांनी विचारले. कुराण, तेथे न सापडल्यास पैगंबरांचा आचार, आणि तेथेही न सापडल्यास स्वतःची बुद्धी, हे मुआज यांचे उत्तर पैगंबरांना पसंत पडले, असे हदीस सांगते.

त्याहून मोठा धोका अभ्यासक्रमच आखडला जाण्यात आहे. २०२२ च्या जुलैअखेर वीसहून अधिक अभ्यासकांनी पंतप्रधानांना खुले पत्र लिहून मौदुदींचे लेखन विद्यापीठांत शिकविण्यास हरकत घेतली. लगोलग ऑगस्टात अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने आपल्या इस्लामी अध्ययन विभागाच्या अभ्यासक्रमातून अबुल आला मौदुदी आणि इजिप्तचे सय्यद कुत्ब यांचे लेखन वगळले. वाद टाळावा, हे कारण देण्यात आले. मौदुदींच्या धर्मराज्याच्या कल्पनेशी समाजवाद्यांचे हाडवैर आहे. म्हणूनच ते लेखन वर्गात राहावयास हवे होते. वर्गातून हाकललेले पुस्तक वसतिगृहाच्या खोलीत वाचले जाते, आणि तेथे त्याचा प्रतिवाद करावयास प्राध्यापक नसतो.

प्रश्नाचे सामर्थ्य काय असते, ते पाकिस्तानात एकदा दिसले आहे. पंजाबातील १९५३ च्या अहमदियाविरोधी दंगलींच्या चौकशीत न्या. मुनीर व न्या. कयानी यांनी उलेमांना एक साधा प्रश्न विचारला: मुसलमान कोणास म्हणावे? कोणत्याही दोन विद्वानांचे उत्तर जुळले नाही, असे त्यांच्या १९५४ च्या अहवालात नमूद आहे. भारतात मनूचा कायदा लावून मुसलमानांना शूद्रांप्रमाणे वागविले तरी आपली हरकत नाही, असे मौदुदींनी सांगितले तेही याच चौकशीत. कोट्यवधी भारतीय मुसलमानांना वाऱ्यावर सोडणारे हे उत्तर ज्या तरुणाने वाचले, तो त्यांच्या नादी सहसा लागणार नाही. इस्लामी राज्याचे आणि हिंदुराष्ट्राचे पुरस्कर्ते एकमेकांना कसे पोसतात, हेही त्याला उमगेल. मौदुदीच वगळले, तर हा प्रश्न कोणत्या प्रश्नपत्रिकेत येणार?

अवघड प्रश्न काढणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशीही कोणी उभे राहिले पाहिजे. केरळात २०१० साली मल्याळमच्या एका प्रश्नपत्रिकेवरून धर्मांधांनी शिक्षकाचा हात तोडला, आणि महाविद्यालयाने त्यालाच बडतर्फ केले. अशा वातावरणात शिक्षक घोकंपट्टीचाच प्रश्न काढील. त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार त्याला एकटे सोडणाऱ्या समाजाला नाही.

विद्यार्थी चळवळीतील कार्यकर्त्यांनी म्हणूनच केवळ वाढीव गुणांची मागणी करून थांबू नये. अभ्यासक्रम उघड चर्चेने रुंदावावा, त्यात परस्परविरोधी मतांचे मूळ ग्रंथ असावेत, ते ग्रंथ गरीब विद्यार्थ्याला ग्रंथालयात आणि त्याच्या भाषेत मिळावेत, आणि उत्तरास गुण द्यावयाचे ते परीक्षकाच्या मताशी जुळण्याबद्दल नव्हे तर युक्तिवादाबद्दल द्यावेत, यासाठी त्यांनी झगडावे. एवढे झाले की प्रश्न कितीही कठीण असला तरी त्याने कोणावर अन्याय होणार नाही.