प्लेटलेट फुगल्या; शरीरात की नळीत?

डेंगीच्या साथींनी ‘प्लेटलेट’ हा शब्द घराघरांत पोहोचवला. तेव्हा सगळ्यांचे लक्ष एकाच गोष्टीकडे असते, ती म्हणजे संख्या किती उतरली. मात्र सीबीसीच्या त्याच अहवालात आणखी एक नोंद असते, ‘एमपीव्ही’, म्हणजे प्लेटलेटचा सरासरी आकार. अलीकडे मधुमेहींच्या बाबतीत या आकड्याची बरीच चर्चा होते. वेगळा खर्च नाही, वेगळी सुई नाही आणि पुढच्या गुंतागुंतीची चाहूल लागणार, ही कल्पना कोणालाही भुरळ घालील. पण मुळशी तालुक्यातल्या कोळवणसारख्या गावात या आकड्यावर भिस्त ठेवणे चुकीचे ठरेल.

कल्पनेमागे शास्त्र आहे, हे आधी मान्य करायला हवे. प्लेटलेट सात ते दहा दिवस जगतात. मधुमेहात त्या लवकर खर्ची पडतात, म्हणून अस्थिमज्जा घाईघाईने नव्या प्लेटलेट रक्तात सोडते. या कोवळ्या प्लेटलेट मोठ्या आणि अधिक चिकट असतात आणि गुठळी करायला चटकन सरसावतात. डोळ्यांच्या पडद्याला किंवा मूत्रपिंडाला इजा झालेल्या मधुमेहींत सरासरी एमपीव्ही जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

अडचण मोजणीत आहे. सीबीसीसाठी रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. ते गोठू नये म्हणून त्या नळीत ईडीटीए हे रसायन असते. त्याच्या संपर्कात प्लेटलेट चपटेपणा सोडून गोल होतात आणि पहिल्या एक-दोन तासांतच फुगू लागतात. समजा, कोळवणच्या भातखाचरांत राबणाऱ्या एखाद्या साठीच्या शेतकऱ्याचे रक्त सकाळी घेतले. ती नळी इतर नळ्यांबरोबर पौडला किंवा पुण्याला जाऊन दुपारी यंत्रात गेली, तर वाढलेला आकार मधुमेहाचा की प्रवासाचा? अहवालावरून ते कळणार नाही. शिवाय वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे जुळत नाहीत. म्हणजे जिथे डॉक्टर दूर, तिथेच ही खूण सर्वांत कच्ची.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. गटाची सरासरी एका माणसाचे भविष्य सांगत नाही. गुंतागुंत असलेल्यांचे आणि नसलेल्यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की सर्वमान्य सीमारेषा ठरलेली नाही. तरीही अहवालात ठळक छापलेला आकडा माणसाला घाबरवतो आणि घाबरलेला माणूस ‘रक्त पातळ करणारी गोळी’ स्वतःच सुरू करू शकतो. सुमारे साडेपंधरा हजार मधुमेहींवर झालेल्या ‘असेंड’ चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. हृदयविकार नसलेल्या मधुमेहींत ॲस्पिरिनने हृदय व रक्तवाहिन्यांचे गंभीर प्रसंग 12 टक्क्यांनी घटवले, पण मोठा रक्तस्राव 29 टक्क्यांनी वाढवला. डॉक्टरांना न विचारता हा सौदा कोणी करू नये.

मग प्लेटलेटकडे दुर्लक्ष करायचे का? मुळीच नाही. यकृताच्या बाबतीत त्यांची संख्या खरोखर कामाची आहे. मधुमेहींत फॅटी लिव्हर फार आढळते. यकृत कडक होऊ लागले की प्लीहा मोठी होते, प्लेटलेट तिथे अडकतात. त्या तयार करायला लावणारे यकृतातले संप्रेरकही घटते. यावर आधारलेला ‘फिब-4’ हा हिशेब 2006 पासून माहीत आहे. वयाला एएसटीने गुणायचे. मग हजारांतली प्लेटलेट संख्या आणि एएलटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचे. वय 60, एएसटी 50, एएलटी 49 आणि प्लेटलेट तीन लाख असतील, तर उत्तर 1.43 येते. प्लेटलेट दीड लाख असतील तर 2.86. दीड लाख हा आकडा अहवालात ‘नॉर्मल’च दिसतो, पण 2.67 च्या वरचे उत्तर म्हणजे यकृताची पुढची तपासणी हवीच. 1.3 च्या खाली धोका कमी मानतात. मधल्या उत्तरांचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा. या हिशेबाला नवी चाचणी लागत नाही, कागदावरचे आकडे एकत्र वाचायची सवय लागते.

देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीने 2023 मध्ये मांडला. एवढ्यांसाठी स्वस्त खुणा हव्यातच. पण स्वस्त खूण म्हणजे आयती मिळालेली खूण नव्हे. जिच्यामुळे उपचाराचा निर्णय बदलतो, ती. पायाला नायलॉनचा तंतू टेकवून संवेदना तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. लघवीतले अल्ब्युमिन मूत्रपिंडाची इजा लवकर दाखवते. डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासला तर दृष्टी वाचू शकते. रक्तदाब तर गावातच मोजता येतो.

कोळवणच्या खोऱ्यात आरोग्य शिबिर भरवणाऱ्यांनी बोटातून साखर मोजून थांबू नये. या चार गोष्टी त्यात असायला हव्यात. आणि मधुमेहाच्या रुग्णाने अहवाल घेऊन डॉक्टरांकडे गेल्यावर ‘एमपीव्ही का वाढला’ याआधी विचारावे, ‘माझे पाय, डोळे आणि लघवी शेवटची कधी तपासली?’