पूररेषा आणि जनरेटर

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, एका कोविड रुग्णालयाची वीज तुटली आणि त्या संकटात तिथले आठ रुग्ण दगावले. इमारत मात्र जागेवर उभी होती. रुग्णालयाची सुरक्षितता तपासताना आपण नजर कुठे ठेवतो, हा प्रश्न त्या दिवसाने रत्नागिरी जिल्ह्यापुढे टाकला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रुग्णालय सुरक्षा निर्देशांकात इमारतीचा सांगाडा, यंत्रणा व सामग्री, आणि आपत्ती व्यवस्थापन असे तीन भाग गुणांकनासाठी धरतात. भूकंपाचा धोका मोठा असेल तिथे सांगाड्याला निम्मे वजन देतात. एरवी तिन्ही भागांना समान वजन देण्याची मुभा आहे. कोयनेचा 1967 चा भूकंप आठवता आपल्याला सांगाडा विसरून चालणार नाही. पण पुराच्या काठावरच्या रुग्णालयाने समान वजनाचीच पद्धत घ्यावी, आणि तेवढ्यावरही थांबू नये. कारण एकूण गुण ही शेवटी सरासरी असते. खांब-तुळयांना भरघोस गुण मिळालेल्या रुग्णालयाचे वीज पॅनेल तळमजल्यावर जमिनीपासून दोन फुटांवर असेल, तर पुराच्या रात्री त्या गुणांचा रुग्णाला काडीचा उपयोग नाही. अतिदक्षता विभाग दुसऱ्या मजल्यावर आणि त्याचा जीव तळमजल्यावरच्या पॅनेलमध्ये, अशी ही रचना असते. म्हणून अहवालात एकूण गुणांच्या आधी सर्वांत कच्चा दुवा लिहिला गेला पाहिजे.

यावर सांगितले जाते की फायर ऑडिट दरवर्षी होतेच. भंडाऱ्यात जानेवारी 2021 मध्ये रुग्णालयाच्या आगीत दहा नवजात बालके गेली, त्यानंतर त्या ऑडिटची गरज कोणी नाकारणार नाही. मात्र आगीची आणि पुराची गणिते एकमेकांना छेदतात. पुराच्या भीतीने जनरेटरचे डिझेल वरच्या मजल्यावर नेले की आगीचा धोका वाढतो. इमारतीबाहेर, पूररेषेच्या वर जनरेटर-डिझेलसाठी बांधलेला पक्का चौथरा दोन्ही प्रश्न सोडवतो. दोन्ही तपासण्या एकत्र बसून केल्या तरच हे ध्यानात येते. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि दहा-वीस खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडी तो रास्तही आहे. सगळे एकदम होणार नाही. पण पॅनेल वर उचलणे हे नवी इमारत बांधण्याइतके महाग नाही, आणि रुग्ण आधी कोणता हलवायचा, कोणी हलवायचा, हे ठरवून सराव करायला निधीची मंजुरी लागत नाही. बाहेरून मदत येईल या भरवशावरही राहता येत नाही: चिपळूणच्या त्याच पुरात महामार्गावरच्या वाशिष्ठी पुलाचे नुकसान होऊन वाहतूक तुटली होती. ऑक्सिजन, डिझेल आणि पिण्याचे पाणी किती तास पुरेल, हे तपासणीच्या तक्त्यात आकड्यातच हवे. ‘पुरेसे’ हा शब्द तिथे चालवून घेऊ नये.

येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या रुग्णालयाच्या तळमजल्याच्या भिंतीवर 2021 च्या पाण्याची उंची रंगाने आखा, आणि त्या रेषेखाली काय काय आहे याची यादी कर्मचाऱ्यांसह स्वतः करा.