पहिली दोन मिनिटं

हल्ली बरंच काही 'ऑनलाईन' असतं. बोंडअळीवरचं व्याख्यान ऑनलाईन, गावातल्या कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण ऑनलाईन, नातवंडांचे शाळेतले प्रकल्पही ऑनलाईन. २०२० साली कोरोनाने शाळांना कुलपं लावली तेव्हा आमच्याकडे हे घरोघरी पोचलं. पुढे कुलपं निघाली, पण हे काही गेलं नाही. त्याला माझी हरकत नाही. संग्रामपूरहून बुलडाण्याला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. तो वाचतो, हे काय थोडं आहे?

माझी हरकत आहे ती सुरुवातीला. बघा ना, बहुतेक कार्यक्रम कसे सुरू होतात? "आवाज येतोय का? स्क्रीन दिसतेय का?" मग स्वागत. मग पाहुण्यांचा परिचय : पदव्या, पदं, पुरस्कार. मग पाहुणे सगळ्यांचे आभार मानणार. मग पहिली स्लाईड, तिच्यावर संस्थेचं बोधचिन्ह. दुसरीवर अनुक्रमणिका. तोवर दहा मिनिटं गेलेली असतात!

सभागृहात हे खपून जायचं, कारण मधेच उठणाऱ्याकडे चारजण वळून बघतात. मोबाईलवर उठावंच लागत नाही. नाव यादीत दिसत राहतं आणि माणूस केव्हाच गोठ्यात गेलेला असतो. बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात ऐकणाऱ्याच्या प्रश्नापासून व्हावी, बोलणाऱ्याच्या परिचयापासून नव्हे.

ही काही परदेशातून आलेली नवी युक्ती नाही. आपल्या वऱ्हाडातच गाडगेबाबा होऊन गेले (१८७६–१९५६). अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा जन्म, बालपण पूर्णाकाठी दापुऱ्याला मामाकडे. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं, असा त्यांचा क्रम. त्यांच्या कीर्तनात प्रश्नांवर प्रश्न असत. कर्ज, दारू, देवापुढे कापलेलं बकरं, शाळेत न घातलेलं पोर, सगळे विषय समोरच्याच्या घरातले आणि भाषा वऱ्हाडी. उत्तर लोकांनीच द्यायचं. एकदा माणसाने तोंडाने उत्तर दिलं की तो नुसता श्रोता राहत नाही. त्या कीर्तनाचा तो भागीदार होतो.

आम्हा शिक्षकांना हेच दुसऱ्या नावाने शिकवलं गेलं. हर्बार्ट (१७७६–१८४१) हा जर्मन शिक्षणतज्ज्ञ. त्याच्या विचारांवरून आलेली पंचपदी पाठटाचणात लिहावी लागे. त्यात आधी प्रस्तावना, म्हणजे मुलांना जे ठाऊक आहे त्यावर दोन-तीन प्रश्न. मग हेतुकथन, म्हणजे आज काय शिकायचं ते एका वाक्यात. विषय त्यानंतर. टाचण लिहायचा कंटाळा पुष्कळांना यायचा, पण त्या क्रमात शहाणपण होतं. नव्या गोष्टीला चिकटायला जुनं काहीतरी लागतं.

आता आमच्याकडचंच उदाहरण घेऊ. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेला पूर्णेचा खारपाणपट्टा. आमच्या तालुक्यात पाणी आणि मूत्रपिंडाचे विकार हा घरोघरी चिंतेचा विषय. त्यावर ऑनलाईन बोलायचं झालं, तर 'भूजलाची गुणवत्ता : एक दृष्टिक्षेप' अशा स्लाईडने कोण थांबेल? त्यापेक्षा असं विचारा : "आज सकाळी तुम्ही प्यायलात ते पाणी कुठलं? हापशीचं असेल तर १ लिहा, नळाचं असेल तर २, विकतच्या कॅनचं असेल तर ३." अर्ध्या मिनिटात पडद्यावर आकडे पडू लागतील. मग सांगा : "पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर २०००, असं भारतीय मानक सांगतं. तुमच्या पाण्यात किती आहेत, ते कसं तपासायचं हे पुढच्या वीस मिनिटांत बघू." झालं की हो हेतुकथन! आता गोठ्यातली म्हैस थोडी थांबेल.

यावर कुणी म्हणेल, गुरुजी, पाहुण्यांचा मान राहिला की! मान ठेवावाच. पण पदव्यांची यादी आमंत्रणासोबत आधी पाठवता येते. आवाज, पडदा यांची तपासणी वेळेच्या दहा मिनिटं आधी उरकता येते. बोलताना एकच वाक्य पुरे : मी कोण आणि या विषयाशी माझा संबंध काय.

एक पथ्य मात्र सांगतो. प्रश्न खरा हवा आणि त्याच्या उत्तरांचा पुढे उपयोग व्हायला हवा. तीनशे जणांनी आकडे लिहिले आणि वक्त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तर ती फसवणूक झाली. तसंच 'थक्क व्हाल' म्हणून नुसतं थोपवून धरणंही नको. सुरुवातीला दिलेला शब्द शेवटपर्यंत पाळला पाहिजे, नाहीतर पुढच्या खेपेला कुणी येणार नाही.

ऐकणारा आपला वेळ देतोच, वर मोबाईलचा डेटाही खर्च करतो. पाण्याविषयीची माहिती पंधराव्या मिनिटाला येणार आणि तिची गरज असलेला माणूस पाचव्याच मिनिटाला निघून गेलेला, तर नुकसान कुणाचं? वक्त्याचं नक्कीच नाही.

असो. घरातल्या सुना-लेकी, भाचे-पुतणे, तुम्ही रोजच हे करता. तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा.