काय गोंधळ चाललाय?



वर्गात गलका झाला की माझं ठरलेलं वाक्य, ‘‘अरे, काय गोंधळ चाललाय?’’ तुमच्या बाईही असंच म्हणत असतील. परवा मी तसं म्हटलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, ‘‘बाई, गोंधळी तर आपल्याच वर्गात आहे!’’ सगळे खो खो हसले. एक मुलगा तेवढा मान खाली घालून बसला. त्याचे आजोबा, वडील गोंधळी. हसू आधी मलाही आलं होतं, हे कबूल करते.

मग गणिताचं पुस्तक मिटलं आणि त्याला बोलतं केलं.

गोंधळ म्हणजे देवीचा जागर. लग्नानंतर कितीतरी घरांत तो कुळाचार असतो. पाटावर धान्याचा चौक, मधे कलश, शेजारी पेटती दिवटी. गोंधळ्याच्या गळ्यात कवड्यांची माळ. एकाच्या कमरेला संबळ; त्याच्या दोन भांड्यांपैकी एकाचा आवाज चढा, दुसऱ्याचा खर्जातला. साथीला तुणतुणं नि झांज. आधी साऱ्या देवांना आवतण जातं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा... एवढी गावं तर मी भूगोलातही पाठ करून घेऊ शकले नाही! मग आख्यान, पार उजाडेपर्यंत. शाहीर विठ्ठल उमप यांनी रंगमंचावर गाजवलेलं ‘जांभूळ आख्यान’ याच परंपरेतलं. आणि हे सारं तोंडी, बापाकडून पोराकडे आलेलं.

शिवाय ‘करपल्लवी’! तुम्ही एका गोंधळ्याच्या कानात एखादं नाव सांगायचं. तो नुसत्या बोटांच्या खुणा करतो आणि लांब उभा असलेला जोडीदार ते नाव अचूक ओळखतो. हे ऐकताच मघाशी ओरडणारा उठून पुढच्या बाकावर आला. ‘‘मला शिकव ना!’’

‘‘तू पुढे गोंधळी होणार?’’ मी विचारलं.

‘‘बाबा नको म्हणतात. दारोदार हिंडणं नको, शीक म्हणतात.’’ जरा थांबून तो म्हणाला, ‘‘पण संबळ येतो मला.’’

पालकहो, यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. मी म्हटलं, ‘‘वाजव.’’

त्यानं दोन पेन्सिली घेतल्या आणि बाक असा काही घुमवला की शेजारच्या वर्गाचे गुरुजी धावत आले. ‘‘बाई, काय गोंधळ चाललाय?’’

अख्खा वर्ग ओरडला, ‘‘हो गुरुजी, गोंधळच!’’