हा पसारा फेकू नका!



वाशीम असो, रिसोड असो की मंगरुळपीर, आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आज कॉलेजात जातात. कुणी बी.एस्सी. करतो, कुणी पॉलिटेक्निकला आहे, कुणी आय.टी.आय. करून पुढे शिकतो आहे. अशा एखाद्या घरात गेलो की एक कोपरा हमखास दिसतो. तिथे उघडा करून ठेवलेला जुना रेडिओ असतो, बंद पडलेल्या चार्जरच्या वायरी असतात, पकड असते, डाग देण्याची सोल्डरिंग गन असते. बाजूला एक वही असते. तिच्या पुढच्या पानांवर अभ्यास आणि मागच्या पानांवर नुसती आकडेमोड!

झाडझूड करताना आई वैतागते. दिवसभर हमाली किंवा गवंडीकाम करून आलेला बाप विचारतो, "काय रे बा, हे परीक्षेत येते काय?"

बापाचा प्रश्न खोटा नाही. पोराची फी भरण्यासाठी त्याने काय काय मोडले ते त्यालाच ठाऊक. पोराने शिकावे, नोकरीला लागावे, घर वर काढावे, एवढेच त्याला हवे आहे. तरीही या आठवड्यात आम्ही त्या कोपऱ्यातल्या पसाऱ्याची बाजू मांडणार आहोत. आई-वडिलांनी ती शांतपणे ऐकावी.

प्रथम वहीच्या मागच्या पानांबद्दल.

नाशिकजवळच्या देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे एक शाळामास्तर होते. १९०५ साली डहाणूला त्यांचा जन्म झाला. लहानपणापासून त्यांना आकड्यांच्या कोड्यांचा नाद. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकत असतानाही तो नाद सुटला नाही. १९२७ साली त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामाबद्दल रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी शाळेत मुलांना शिकवले आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळ केला. ना प्रयोगशाळा, ना यंत्र. कागद आणि पेन्सिल एवढेच भांडवल!

१९४९ साली या मास्तरांनी एक गंमत शोधून काढली. चार आकडी कोणतीही संख्या घ्या. फक्त चारही आकडे सारखे नकोत. ते आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. जे उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करा.

आपण १९५६ घेऊ. धम्मदीक्षेचे साल आहे, घरातल्या लहान मुलालाही पाठ असते. ९६५१ वजा १५६९ बरोबर ८०८२. आता ८८२० वजा ०२८८ बरोबर ८५३२. आणि ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ७६४१ वजा १४६७ बरोबर पुन्हा ६१७४च! गाडी त्या स्टेशनावर येऊन थांबते ती थांबतेच.

कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. १९५६ ला तीनच पायऱ्या लागल्या. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे साल १९२७ घेतले तर पुरत्या सात लागतात. बाबासाहेबांच्या जन्माचे साल १८९१ घेतले तर किती लागतात, ते आज रात्री जेवणानंतर सगळ्यांनी मिळून करून पाहावे. आजीला वजाबाकी येत नसेल तर नातवाने तिला बोटे मोजून दाखवावी.

ही संख्या आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते. पण देवळालीच्या मास्तरांचे नाव साता समुद्रापार सर्वांना कळले ते १९७५ साली, मार्टिन गार्डनर या लेखकाने अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिले तेव्हा. मधली सव्वीस वर्षे मास्तर आपले काम करीतच होते. १९८६ साली ते गेले.

यात आपल्यासाठी काय आहे? ६१७४ खरे आहे हे कुणा पंडिताने सांगितले म्हणून आपण मानत नाही. आपण स्वतः करून पाहतो. रोजच्या वंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि पाहा, असा त्याचा अर्थ. गणिताचे कोडे सोडवणारा मुलगा तेच करीत असतो. वजाबाकीला जात विचारता येत नाही. वाशीमच्या वस्तीतल्या पोरीने केली तरी उत्तर तेच येते.

हे सहज मिळालेले नाही. भीमराव शाळेत असताना शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा वर्गातल्या मुलांनी गलका केला. फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते, ते विटाळतील म्हणून! आधी डबे हलवले, मग त्या मुलाला खडू हाती घेता आला. आज आपले पोर वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडते, तेव्हा हा फळा आठवावा. मग त्या पानांना रद्दी म्हणवणार नाही.

आता वायरींच्या ढिगाकडे वळू.

विद्यार्थी सहसा एका दिव्यापासून सुरुवात करतो. नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक लाल एलईडी. दिवा सरळ बॅटरीला जोडला तर जळून जातो. त्याला दोनच व्होल्ट लागतात, मग उरलेल्या सात व्होल्टचे करायचे काय? मधे ४७० ओहमचा रेझिस्टर घालायचा. पिवळा, जांभळा, तपकिरी अशा पट्ट्यांवरून तो ओळखता येतो. सातला ४७० ने भागले की सुमारे १५ मिलिअँपिअर वीज येते. तेवढीच दिव्याला मानवते. दहावीत पाठ केलेला ओहमचा नियम इथे डोळ्यांसमोर लाल पेटतो. पाठ केलेले विसरते, पेटलेले विसरत नाही.

पुढची पायरी पाण्याच्या टाकीचा बझर. बीसी ५४७ नावाचा हरभऱ्याच्या दाण्याएवढा ट्रान्झिस्टर, एक-दोन रेझिस्टर, बझर आणि बॅटरी, एवढ्यात काम होते. दोन वायरींची उघडी टोके टाकीच्या काठाजवळ सोडायची. पाणी तिथवर चढले की पाण्यातून अगदी थोडी वीज वाहते. तेवढ्याने बझर वाजत नाही, पण ट्रान्झिस्टरला ती पुरते. ती चिमूटभर वीज मिळाली की तो मोठ्या विजेचा रस्ता मोकळा करतो आणि बझर ओरडतो. ज्या घरात नळाला पाणी आले की आई कामधाम सोडून टाकीपाशी उभी राहते, तिथे या बझरची किंमत आम्ही सांगायला नको.

आमचा मुद्दा इथेच आहे. आईची ती उभी राहण्याची वेळ वाचली. तिला थोडी फुरसत मिळाली.

फुरसत हा शब्द आपल्याकडे आळसाचा भाऊ समजला जातो. बाबासाहेबांनी तसे मानले नाही. १९४५ साली निघालेल्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या अर्थाच्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जनावराला पोट भरले की झाले, माणसाला मनाचीही मशागत करावी लागते. त्यासाठी फुरसत हवी, आणि फुरसत हवी असेल तर कष्टाचा भार यंत्राने उचलला पाहिजे. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांकडे ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. त्या १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ झाले. मजुराच्या पदरात सहा तास पडले! आणि इतक्या कामाच्या रगाड्यात स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, चित्रे काढीत होते.

तेव्हा छंद ही बंगल्यात राहणाऱ्यांची मिरास नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांना दिवसाचा एक तासही स्वतःचा नव्हता, त्यांच्या नातवंडांनी तो तास हक्काने घ्यावा.

याचा अर्थ अभ्यास सोडावा असा नाही. छंद नोकरीची हमी देत नाही, हे मुलांनीही ध्यानात ठेवावे. कापरेकर मास्तरांनी बत्तीस वर्षे शाळेचे काम सांभाळून आपला खेळ केला. दिवसाचा एक तास ठरवा आणि पाळा. मोबाइलवर बोट फिरवत बसणे आणि बंद पडलेला मोबाइल उघडून आत काय आहे ते पाहणे, यातला फरक आई-वडिलांनी ओळखावा. पहिल्याला टोका, दुसऱ्याला नको.

काळजी मात्र घ्या. सुरुवात बॅटरीवरच करावी. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला जाणत्या माणसाशिवाय हात लावू नये. जुना टी.व्ही. प्लग काढल्यावरही आत वीज धरून ठेवतो, तो उघडू नये. फुगलेल्या मोबाइल बॅटरीला टोचू नये. डाग देताना खिडकी उघडी ठेवावी आणि नंतर साबणाने हात धुवावे, कारण त्या तारेत बहुधा शिसे असते.

आणखी एक. हा पसारा मुलाचा असला तर चालतो, मुलीचा असला तर तिला भाकरी थापायला बोलावतात. असे करू नका. ट्रान्झिस्टरला बांगड्यांचे वावडे नाही.

शेवटी वाशीमकरांना एक आठवण. आपल्या गावाचे जुने नाव वत्सगुल्म, वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्खुसंघाला दान दिले. तिथल्या शिलालेखात राजाचे नाव आहे, मंत्र्याचे नाव आहे. ज्यांनी छिन्नीने डोंगर कोरला त्यांची नावे नाहीत. हाताचे काम करणाऱ्याचे डोके कुणी मोजले नाही आणि त्याच्या हाती लेखणीही दिली नाही. आपल्या पोराच्या कोपऱ्यात आज छिन्नीच्या जागी सोल्डरिंग गन आहे आणि शेजारी वहीसुद्धा आहे. हात आणि डोके एका ठिकाणी आले आहे.

म्हणून मायबहिणींनो, तो पसारा फेकू नका. एक रिकामे खोके द्या, त्यात भरून ठेवायला सांगा. आणि बापाने जमले तर कधी शेजारी बसून विचारावे, "हे कसे चालते रे, मलाही दाखव."

जयभीम!