पोरगी हॅरी पॉटर मागते तेव्हा

"वर्गातल्या सगळ्यांनी वाचलंय, मीच तेवढी राहिलेय," असा हट्ट ज्या घरात सुरू झाला असेल, त्या घरातल्या आई-वडिलांसाठी आज चार शब्द. सात भागांची पुस्तके, त्यांवरचे आठ सिनेमे, शिवाय चित्रांची दप्तरे, मफलर, जादूची छडी! बाप म्हणतो, जादूटोण्याच्या गोष्टींवर घामाचा पैसा कशाला घालायचा? आई म्हणते, घेऊन द्या एकदाचं, पोरगी एकटी पडायला नको. दोघांचेही म्हणणे खरे आहे.

हा गाजावाजा मुळात आला कुठून? जे. के. रोलिंग या बाई तेव्हा एडिंबरोत लहानग्या मुलीला घेऊन एकट्या राहत होत्या, सरकारी मदतीवर घर चालत होते. बारा प्रकाशकांनी त्यांचे हस्तलिखित परत पाठवले. लंडनच्या ब्लूम्सबरीने ते घेतले आणि जून 1997 मध्ये पुठ्ठा-बांधणीच्या पहिल्या प्रती छापल्या अवघ्या 500. त्यांतल्याही बऱ्याचशा वाचनालयांत गेल्या. तेव्हा रांगा नव्हत्या. एका पोराने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे ते पुस्तक चालले.

व्यापाऱ्यांचा ढोल नंतर वाजला. जुलै 2000 मध्ये चौथा भाग मध्यरात्री विक्रीला काढला, तोवर आत काय आहे याची कडक गुप्तता. 2007 मध्ये शेवटचा भाग आला, तेव्हा ब्रिटन-अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत 1 कोटी 10 लाख प्रती खपल्या. आपल्याकडेही मोठ्या शहरांतली दुकाने त्या दिवशी भल्या सकाळी उघडली. 2023 मध्ये त्याच कथेवर नवी टीव्ही मालिका जाहीर झाली, म्हणजे ढोल अजून थांबलेला नाही. पण पुस्तक आज वाचले काय नि सहा महिन्यांनी वाचले काय, गोष्टीतले एक अक्षर बदलत नाही. घाई दुकानदाराला असते.

भाचीच्या तगाद्यामुळे मी सातही भाग वाचले. पाचवा भाग इंग्रजीत साडेसातशे पानांच्या वर आहे, त्यातली दोनशे पाने सहज कापता आली असती. पण गोष्ट पोरांना का धरते ते कळले. हॅरी हा आई-बापाविना वाढलेला, मावशीच्या घरी जिन्याखालच्या फडताळात झोपणारा पोर. त्याचा मित्र रॉन भावांचे जुने कपडे घालतो, भावाचीच जुनी छडी वापरतो, आणि वर्गात त्याला लाज वाटते. ही लाज आपल्या पोरांना समजावून सांगावी लागणार नाही.

त्या शाळेत शुद्ध रक्ताचा तोरा मिरवणारी घराणीही आहेत. हर्मायनी वर्गात सर्वांत हुशार, पण तिचे आई-वडील जादूगार नाहीत, म्हणून तिला 'घाण रक्ताची' अशी शिवी मिळते. वाचताना माझी भाची थांबली आणि म्हणाली, "मामा, हे तर आपल्याकडच्यासारखंच आहे." पुढे हर्मायनी घरगड्यांसारख्या राबवल्या जाणाऱ्या एल्फ लोकांसाठी संघटना काढते आणि सगळे तिला हसतात. बाईंनी तो प्रश्न उचलला खरा, पण अर्ध्यावरच सोडला असे मला वाटते. तुमच्या मुलांना काय वाटते ते विचारून पाहा, घरात चांगला वाद होईल.

तेव्हा पुस्तक जरूर द्या. छडी आणि मफलर मात्र राहू द्या. सातही भागांचा संच एकदम घेऊ नका. रद्दीच्या दुकानात जुनी प्रत मिळते. चार घरांनी मिळून एकेक भाग घेतला, किंवा विहारातल्या वाचनालयाला एक संच दिला, तर अख्खी वस्ती वाचील. सिग्नलवर विकतात त्या चोरट्या प्रतींत कधी पानेच गायब असतात, तिकडे जाऊ नका. इंग्रजी जड जात असेल तर भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने मराठी अनुवाद काढले आहेत.

पहिले दोन भाग आटोपशीर आहेत, दहा वर्षांचे मूल ते आरामात वाचते. चौथ्याच्या शेवटी मात्र एका शाळकरी मुलाचा खून होतो आणि तिथून गोष्ट काळोखी होत जाते. पोरगी लहान असेल तर तिसऱ्या भागानंतर वर्ष-दोन वर्षे थांबा, नाहीतर रात्री जेवणे उरकल्यावर तिच्याजवळ बसून तुम्हीही वाचा.