दुर्गम किनारा, एसटी थांब्यापासून पाच मिनिटं

पुण्या-मुंबईत सध्या एक नवी जमात फोफावली आहे. कोकणचा किनारा हा भूतलावरचा अखेरचा दुर्गम प्रदेश असून तिथे फोर बाय फोर कॅम्परशिवाय पाऊल टाकणं हा निव्वळ वेडेपणा आहे, असं या जमातीचं मत. म्हणून टपावर घडीचा तंबू, मागे गॅसची शेगडी, कुशीला पाण्याची टाकी, बॉनेटशेजारून आभाळाकडे सोंड उगारलेला स्नॉर्केल आणि गाडी किती अंशांत कलली ते दाखवणारं यंत्र असा जामानिमा भाड्याने घ्यायचा. आणि जायचं कुठे? दिवेआगरला. जिथे यांची आत्या दर मे महिन्यात नातवंडांना घेऊन एसटीने जाते आणि मोदक खाऊन परत येते.

अशा एका मोहिमेत मी होतो. ‘मोहीम’ हे त्यांचं. मी सुट्टी म्हणत होतो. बाकीचे गाण्यांची यादी करत असताना मी भाड्याचा करार वाचला. फार उच्च दर्जाचं वाङ्मय! गाडी डांबरी रस्ता सोडून नेऊ नये. वाळूत घालू नये. खाऱ्या पाण्याचा स्पर्श होऊ देऊ नये. टायर, काच आणि गाडीची खालची बाजू यांचं नुकसान विम्यात बसत नाही. आता सांगा, गाडीची खालची बाजू सोडून कोकणातला रस्ता दुसरं काय फोडतो? म्हणजे चारही चाकं फिरतात म्हणून जादा भाडं मोजायचं, आणि ती फिरवणार नाही असं सहीनिशी लिहूनही द्यायचं. विधी आणि निषेध एकाच कागदावर इतक्या सुखाने नांदताना पाहून एखाद्या मीमांसकाला गहिवरून आलं असतं. आमच्या मोहीमप्रमुखाने न वाचता सही केली. साहसी माणूस!

शिवाय पाटी. स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. त्यामुळे वाघाचं कातडं भाड्याचं आहे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही शंभर फुटांवरून कळतं.

रस्त्याचं म्हणाल तर रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी महामार्गाबद्दल आपण अंतुल्यांच्या काळापासून ऐकतो आहोत. तो सलग होईल तेव्हा होईल. तोवर किनाऱ्याने जाणाऱ्याला अडवतात त्या खाड्या. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. खाडीपुढे लो-रेंज गिअर आणि डिफरेन्शियल लॉक काय करणार? तिकीट काढायचं आणि फेरीबोटीत चढायचं. मागे रिक्षा, पुढे आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो, मध्ये आपला दिग्विजयी रथ. रिक्षावालाही त्याच वेळी पलीकडे पोचतो. आणि तंबूमुळे उंच झालेला हा रथ गावात शिरला की त्याची खरी फजिती. वर आंब्याच्या फांद्या आणि विजेच्या तारा, दोन्ही अंगांना जांभ्या दगडाचे गडगे. रस्ता बैलगाडीच्या मापाचा. करारात गडग्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

लडाख-स्पितीला अशी गाडी हवी, कबूल. तिथे दोन गावांमध्ये काहीच नसतं. कोकणात दोन गावांमध्ये तिसरं गाव असतं.

पण वाळू? वाळूवर तरी या गाडीचं राज्य असेल? ओहोटीला ओली वाळू फरशीसारखी घट्ट दिसते. वीर गाडी खाली घालतात, फोटो काढतात, चहा ठेवतात. तोवर भरती सुरू होते, वाळू खालून पाणी पिते आणि चाकं जागच्या जागी गरगरू लागतात. साधी गाडी दोन खड्डे खणते. ही चार खणते. जादा भाड्याचा काहीतरी उपयोग व्हायलाच हवा ना? टायरमधली हवा कमी करून सावकाश हलवायचं असतं, हे ठाऊक असलेला माणूस मुळात तिथे गाडी घालत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये रेवदंड्याच्या वाळूत चक्क एक फेरारी रुतली होती. तिला कोणी काढलं? बैलगाडीने. हर्णैला होड्यांवरची मासळी बैलगाड्या वाळूतून वाहतात, रोज, स्नॉर्केलशिवाय.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांना ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, नऊच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. बास. आमच्या मोहिमेपाशी पाच फोन, दोन पॉवरबँक आणि तो कलमापक होता. आज तिथी कोणती, हे एकालाही सांगता आलं नाही. भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं असतं तर निम्मी सामग्री घरी ठेवता आली असती.

याच वाळूत हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी ती घरटी राखली. कासविणीने हातभर खोल खड्डा करून शंभरेक अंडी पुरायची, आणि वरून अडीच टनी निसर्गप्रेम जाणार. गाडीच्या मागच्या काचेवर कासवाचं स्टिकर असतं, हे विशेष.

रात्री मुक्काम ‘निर्मनुष्य’ माडबनात. निर्मनुष्य म्हणजे मालक जेवायला घरी गेला होता. तो हात पुसत आला आणि म्हणाला, “अहो, माडाखाली नका हो लावू गाडी. नारळ काय विचारून पडतो?” स्वयंपूर्णतेचा आराखडा पुण्यात आखताना नारळ कोणी धरला नव्हता. गाडी हलली. एप्रिलच्या उकाड्यात, टपावरच्या कापडी भट्टीत, डासांच्या कीर्तनात मोहीम झोपली. जेवण काय? मॅगी, आणि फ्रीजमधलं पुण्याहून आणलेलं पनीर. खालच्या आळीतल्या खानावळीत ताजी सुरमई तळली जात होती आणि तिचा वास थेट तंबूत येत होता. पण खानावळीत जेवणं म्हणजे पर्यटक होणं. छे, छे!

या स्वयंपूर्णतेचा अंत सकाळी साडेसहाला होतो. कॅम्परमध्ये शेगडी आहे, टाकी आहे, चांदण्यात लावायच्या पिवळ्या दिव्यांची माळ आहे, संडास नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण धोरणात जाऊन बसता येत नाही. तेव्हा आमचे पाचही दर्यावर्दी पंचे खांद्यावर टाकून त्याच मालकाच्या मागल्या दारी रांगेत उभे राहिले. त्याच्या आईने कोणाला काही विचारलं नाही. गरम पाणी काढून दिलं, वर चहा आणि घावने. मोहीमप्रमुखाने तीन घावने खाल्ले, चौथा मागितला आणि ‘संपर्काच्या पलीकडे, फक्त मी आणि समुद्र’ असं लिहून फोटो टाकला.

रेंज नव्हती. आजींनी वायफायचा पासवर्ड दिला.